बाटलीतलं औषध नेमकं कोणत्या दुखण्यावर?

मंडळी, कापसाचा हंगाम तोंडावर आलाय. आपल्या पिकअपवाल्यांचे चार पैसे होतात ते याच दिवसांत. आणि याच दिवसांत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर त्या छोट्या बाटल्या पुढं येऊन बसतात. 'ॲव्हरेज वाढवा', 'इंजेक्टर साफ', 'काळा धूर बंद'. पन्नास लिटरला एक बाटली. ड्रायव्हरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "भाऊ, डिझेलच बराबर येऊन नाई राह्यलं, मंग का करता?"

माझं म्हणणं सरळ आहे. वर्धा जिल्ह्यात फिरणाऱ्या धडधाकट पिकअपला यातल्या बहुतेक बाटल्यांची गरज नाही. आणि डिझेलच खराब असेल तर बाटली ओतून ते चांगलं होत नाही.

आधी हिशेब करू. समजा डिझेल ९० रुपये लिटर, बाटली ३०० ची. पन्नास लिटरवर ३०० म्हणजे लिटरमागे सहा रुपये जास्त. गाडी लिटरला १३ किलोमीटर देत असेल तर ती जवळजवळ १४ द्यायला लागेल तेव्हा कुठं बाटलीचे पैसे फिटतील. नफ्याची गोष्ट त्याच्या पुढची. आता सांगा, एका फेरीत हिंगणघाटच्या मार्केट यार्डात कापूस, परतीला रिकामी गाडी, मधेच कच्चा रस्ता, टायरमध्ये हवा कमी. यात एका किलोमीटरचा फरक बाटलीमुळं पडला की रिकाम्या गाडीमुळं, हे कोण मोजतं?

मग हे खूळ आलं कुठून? मोठा वाटा मोबाईलवरच्या व्हिडीओंचा. अमेरिकेतले पिकअपवाले डिझेलमध्ये काय काय ओततात ते पाहून आपले मेकॅनिक तेच सांगतात. पण तिथलं डिझेल वेगळं आहे. डिझेल किती सहज पेट घेतं हे सिटेन नंबरवर ठरतं. अमेरिकेच्या मानकात तो किमान ४० आहे, आपल्या बीएस-सिक्स डिझेलला किमान ५१. वंगणाची चाचणी असते, त्यात झिजेचा व्रण जितका लहान तितकं डिझेल चांगलं. तिथं ५२० मायक्रॉनपर्यंत चालतो, आपल्याकडं ४६० च्या वर चालत नाही. तिथं हिवाळ्यात डिझेल गोठतं म्हणून वेगळी बाटली. आपल्याकडं इंडियन ऑईलनं २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत न गोठणारं डिझेल काढलं, ते लडाखला हवंच. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, इथं ती बाटली विकणाऱ्याचं कौतुकच करायला हवं.

'बीएस-सिक्समध्ये गंधक काढलं, त्यानं डिझेल कोरडं झालं' असंही ऐकू येतं. यात अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक चिकटपणा कमी होतो. पण म्हणूनच वंगणाचं रसायन आधीच मापात मिसळलेलं असतं. त्याशिवाय ते ४६० चं माप गाठताच येत नाही. त्यावर आपण टूटी ऑईल ओतायचं, किंवा जुने लोक टाकायचे तसं रॉकेल टाकायचं, म्हणजे केलेल्या कामावर पाणी. रॉकेल तर उलट वंगण कमी करतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल दीड हजार बारच्या आसपास दाबानं फवारलं जातं. पंप आणि इंजेक्टरला वंगण फक्त त्या डिझेलचंच. एक इंजेक्टर गेला की हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाचा सगळा हंगाम त्यात जातो.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे, डीपीएफ. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी जळून जाते, पण ऑईलची किंवा धातू असलेल्या बाटलीची राख जळत नाही, ती तिथंच साचते. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा डीपीएफचा दिवा लागतो, त्याचं कारण बहुधा इतकंच की गाडी पुरेशी तापतच नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तशी ती नागपूर रोडला एका वेगात थोडा वेळ पळवा, तरी दिवा गेला नाही तर सर्व्हिस सेंटर गाठा. आणि बाटली घेण्याआधी तेच पुस्तक उघडून पाहा. बाहेरची रसायनं टाकू नका असं बऱ्याच कंपन्या लिहितात. वॉरंटी नाकारायला त्यांना तेवढं पुरतं.

डीईएफ हा वेगळा विषय. लोक त्याला नुसतं 'युरिया' म्हणतात. ते साडेबत्तीस टक्के शुद्ध युरियाचं पाणी आहे, त्याची टाकी वेगळी असते, ते डिझेलमध्ये टाकायचं नसतं. आणि घरातल्या पोत्यातला युरिया पाण्यात कालवून त्या टाकीत ओतायचा नसतो. शेतीचा युरिया निमकोटेड आहे, सिस्टीम चोक होते. बाकी अनुदानाचा युरिया गाडीत घालायचा की नाही हे वेगळं सांगायला नको.

जुन्या गाडीचा इंजेक्टर घाण झाला, चांगल्या मेकॅनिकनं तपासून एकदा क्लीनर वापर म्हटलं, तर वापरा. ज्यांना औषधी डिझेलच हवं त्यांच्यासाठी तेल कंपन्यांचं स्वतःचं आहे, 'एक्स्ट्राग्रीन', 'टर्बोजेट'. महाग आहे, पण निदान मात्रा कंपनीनं ठरवलेली.

आता खरं दुखणं. ते आहे पाणी, कचरा आणि भेसळ. गावात ड्रमातून, कॅनमधून डिझेल विकलं जातं. पावसाळाभर ड्रम अंगणात. पाणी तळाला बसतं, तिथं शेवाळासारखा चिकट गाळ धरतो आणि तोच फिल्टरमध्ये जातो. फिल्टरखालचा पाण्याचा नळ किती जण सोडतात? पाच मिनिटांचं काम आहे, फुकटचं. बाटलीच्या पैशात वेळेवर कंपनीचा फिल्टर बसवा.

पंपावर शंका आली तर घनता तपासून मागता येते. हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता पंपावर असलाच पाहिजे. टँकर आला तेव्हाची घनता आणि आत्ताची, यात फरक तीन अंकांपेक्षा जास्त नको. माप कमी वाटलं तर शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. फिल्टर पेपरची चाचणी मात्र पेट्रोलची, डिझेलचा डाग तसाही राहतोच. आणि बिल घ्या. बिल नाही तर तक्रार कसली करणार?

भेसळ हा गमतीचा विषय नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलमाफियांनी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. तेव्हा राज्यभर धाडी पडल्या, नंतर सगळं थंड. कायदा आहे, २००५ चा डिझेल-पेट्रोलचा आदेश आहे, नमुने घ्यायचे अधिकार आहेत. नमुने घेतले किती, नापास किती, हे पिकअपवाल्याला कुणी सांगत नाही. म्हणून तो दुकानदाराचं ऐकतो आणि बाटली घेतो. त्याला दोष देऊन काय उपयोग?

माहितीच्या अधिकारात मी अर्ज टाकतोय. मागच्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांत डिझेलचे किती नमुने घेतले, प्रयोगशाळेचा निकाल काय आला, कारवाई किती पंपांवर झाली, आणि हे निकाल दर महिन्याला तहसीलच्या फलकावर का लावत नाहीत. उत्तर आलं की इथंच टाकीन. तोपर्यंत तुमच्यापैकी कुणी पंपावर घनता तपासून मागितली असेल, तर समोरच्यानं काय केलं ते खाली लिहा. पंपाचं नाव नको, तालुका तेवढा टाका.