कुत्र्यावरील गोचीड : एक उपेक्षित प्रश्न

पैनगंगेच्या खोऱ्यात, ढाणकीच्या परिसरात, पीक भरात आले की शेतकऱ्याची रात्र जागलीत जाते. अभयारण्याच्या बाजूने रानडुकरे उतरतात आणि त्यांची चाहूल माणसाआधी कुत्र्याला लागते. हाच राखणदार एके दिवशी भाकरी हुंगून बाजूला होतो, सावलीत पडून राहतो. "ऊन लागले असेल," असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पुष्कळदा त्याचे कारण ऊन नसून गोचीड असते.

गोचीड म्हटली की आपणांस बैल आठवतो. परंतु कुत्र्यावरील तपकिरी गोचिडीच्या सवयी निराळ्या आहेत. गुरांवर नेहमी आढळणारी एक जात जनावरावर एकदा चढली की वाढ पुरी होईपर्यंत तेथेच राहते. ही मात्र आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि तिन्ही वेळा खाली उतरते. भिंतीच्या भेगेत ती कात टाकते, तेथेच अखेरीस हजारांनी अंडी घालते, आणि उपाशीपोटी कित्येक महिने तग धरते. कुत्र्याचे अंग निवडून काढले व भिंत तशीच ठेवली, तर श्रम वाया गेले असे समजावे.

तिच्यापासून होणारे दोन रोग मुख्य. एर्लिकियात ताप येतो, गाठी सुजतात, क्वचित नाकातून रक्त वाहते. बाबेसियात रक्तपेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी तांबडी होते. बाबेसियाच्या एका जातीचा शोध १९१० साली पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात लावला. पुढे तीच कोल्ह्यातही सापडली. म्हणजे हा रोग काही शहरी, पाळीव कुत्र्यांपुरता नव्हे. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध सुमारे चार आठवडे द्यावे लागते. बाबेसियाचे औषध वेगळे. यासाठी काचपट्टीवरील रक्तलेप तपासून घ्यावा. मात्र लेपात जंतू दिसले नाहीत म्हणून रोग नाहीच, असे मानू नये.

औषधाच्या नावाखाली कपाशीवरील कीटकनाशक कुत्र्याला चोळण्याची चाल मात्र सर्वस्वी निषिद्ध मानली पाहिजे. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जे विष धडधाकट माणसास सोसले नाही, ते अंग चाटणाऱ्या प्राण्यास कसे सोसेल? आणि त्याच कुत्र्याच्या गळ्यात मुले हात टाकतात.

मुलांचा विषय निघालाच आहे. कुत्र्यावरील गोचीड रिकेट्सियाचा ताप माणसातही पसरवू शकते. मध्य भारतातील अशा तापांविषयी अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली लेख प्रसिद्ध केला, तेव्हा हे दूरदेशीचे दुखणे नव्हे. ताप व अंगावर पुरळ असलेल्या मुलास दवाखान्यात नेताना घरी गोचिडी आहेत, हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे. गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

आमचे स्पष्ट मत असे की, गावातील कुत्र्यांसाठी वेगळी मोहीम काढण्याची गरज नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी व रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. कुत्रा एरवी हाती लागत नाही. त्या दिवशी लागतो. त्याच वेळी पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, वजन पाहून, गोचीडनाशक का लावू नये? खर्च होतो तो कुत्रा पकडण्यात, आणि तो तर झालेलाच असतो. कुत्री मारून प्रश्न सुटेल असे म्हणणारेही भेटतात. भिंतीत लपलेल्या गोचिडीस त्याने काय होणार?

ग्रामसेवकांनी ही लसीकरणाची तारीख शक्यतो मृगाच्या आधी धरावी. पेरणीची घाई सुरू झालेली नसते, आणि मातीच्या भिंती त्या दिवसांत लिंपायच्याच असतात. लिंपताना कुत्रा बसतो तो कोपरा, ओट्याची कड आणि कोठ्याची चौकट यांतील भेगा आधी बुजवून घ्याव्यात.