टॅब घ्यायचाय? आधी कोणासाठी ते सांगा

सुट्टीवर निघालेला पलटणीतला कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतोच: "साहेब, स्वस्तातला टॅब कोणता घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर वर्षभरात मॉडेल बदलतं. दुसरं म्हणजे, मी स्वतः घेतलेला टॅब ज्या कामासाठी घरी नेला त्यात नापास झाला आणि ज्याचा विचारही केला नव्हता त्या कामात पहिला आला.

दोन हिवाळ्यांपूर्वी लडाखला जाताना चंदीगडच्या बाजारात तो घेतला. ८.७ इंची स्क्रीन, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, मेमरी कार्डाची सोय, फक्त वाय-फाय. तेरा हजारांच्या आत. दुकानदार ११ इंचीच गळ्यात मारायला बघत होता. पण तो जवळपास अर्धा किलोचा, हा सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. स्लीपिंग बॅगमध्ये पडून, एकच हात बाहेर काढून वाचायचं असेल तर हा फरक दहा मिनिटांत मनगटाला कळतो.

आणखी एक गोष्ट मी पट्टी लावून पाहिली. ही स्क्रीन साधारण साडेचार इंच रुंद आणि साडेसात इंच उंच भरते. आपली नेहमीची डेमी आकाराची पुस्तकं साडेपाच बाय साडेआठ. समास सोडला तर स्कॅन केलेलं मराठी पुस्तक या पडद्यावर जवळजवळ मूळ आकारात बसतं. राज्य मराठी विकास संस्थेनं मोफत ठेवलेली जुनी पुस्तकं मी कार्डावर भरून नेली होती. चौकीवर नेट नसताना तीच सोबत होती. दिवाळी अंकाचं मोठं पान मात्र बसत नाही, सारखं सरकवावं लागतं.

खोट अक्षरात आहे. स्क्रीन १३४० बाय ८०० ठिपक्यांची, म्हणजे इंचाला सुमारे १८० ठिपके. बऱ्याच फोनना ४०० असतात. इंग्रजी वाचताना हे खटकत नाही. देवनागरीत खटकतं, कारण आपलं निम्मं काम रेषेच्या वर-खाली चालतं. बारीक छपाईत अनुस्वार गायब होतो, रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात. उपाय एकच, टॅब आडवा धरायचा. अर्धंच पान दिसतं, पण अक्षर दीडपटीहून मोठं होतं. दुकानात यूट्यूब लावून टॅब पारखणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तिथे एक मराठी पीडीएफ उघडा.

थंडीचंही सांगून ठेवतो. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडू शकते. ४० टक्के दाखवणारा टॅब डोळ्यांदेखत बंद पडायचा. मग तो जॅकेटच्या आत ठेवायचा आणि बुखारीच्या खोलीत नीट ऊब धरल्यावरच वायर लावायची, असा नियम केला.

आता घरचं. आमचे अण्णा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सातारा जिल्ह्यात गावी असतात. त्याच हिवाळ्यात त्यांची पेन्शन थांबली, कारण हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता. मेसेज आला होता, फोनमध्ये पडून होता. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. त्यांना तो दिसलाच नाही. मला कळलं ते नंतर, तेही वहिनींकडून. विचारलं तर म्हणाले, "तू तिकडं बर्फात, तुला कशाला घोर लावायचा?" मी फोनवर काही बोलू शकलो नाही.

पुढच्या नोव्हेंबरात सुट्टीवर गेलो तो टॅब घेऊनच. चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, ती घरबसल्या करू म्हटलं. समोरचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. ओसरीवर, अंगणात, दोन्हीकडे नकार. शेवटी माझ्या फोनवर एका दमात झालं. स्वस्त टॅबवाले हमखास इथेच हात आखडता घेतात आणि आपण रॅम मोजत बसतो.

मी टॅब पिशवीत भरायला लागलो तर अण्णा म्हणाले, "राहू दे की रं. आता अक्षर दिसतंय." मधल्या दोन दिवसांत ते त्यावर रोजचा पेपर वाचत होते. अक्षर सेटिंगमध्ये सगळ्यात मोठं केलं, प्रकाश थोडा कमी केला. आता पेन्शनची स्लिप ते स्वतः उघडतात, स्वतः वाचतात. गेल्या महिन्यात त्यांनीच फोन करून महागाई भत्त्याचा हिशेब मला समजावला.

वडीलधाऱ्यांसाठी घेणार असाल तर सिमवाला टॅब घेऊ नका, हे माझं ठाम मत. यूपीआय सुरू करायला त्याच यंत्रातलं सिम लागतं. सिमच नाही म्हटल्यावर पैशाचं तेवढं दार आपोआप बंद. 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालणारे पेन्शनरांनाच हेरतात, तेव्हा पैसा एका यंत्रात आणि वाचन दुसऱ्यात हे बरं. वाय-फाय नसेल तर घरातल्या कुणाचा हॉटस्पॉट पुरतो. आमचे एक कोर्समेट याच्या उलट म्हणतात: घरी एकटेच असतील तर हॉटस्पॉट कोण लावणार? त्यांच्या आईच्या बाबतीत ते खरं आहे, तिथे सिम हवंच.

आणि जवानांनो, युनिटमध्ये न्यायचा असेल तर आधी तिथले आदेश बघा. २०२० मध्ये सैन्यानं ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, ती आठवतात ना? टॅबलाही तेच लागू धरा, लोकेशन पहिल्या दिवशीच बंद करा.

अण्णांची सध्या एकच तक्रार आहे. चार्जरची वायर आखूड, खाटेपर्यंत पोचत नाही. दोन मीटरची कालच टपालानं पाठवली.