कार्ड पुसण्याआधी

गुरुवारी दुपारी देखभालीसाठी गेलेली वीज संध्याकाळी परत आली. मॉडेल रेल्वेच्या लेआउटखालच्या फळीवरचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आपोआप सुरू झाला, गाड्या चालवणाऱ्या जेएमआरआय या प्रोग्रामची खिडकी उघडली आणि तिच्यात दोन्ही जोडण्या ठीक असल्याचं दिसलं. शेजारची सातवीतली मुलगी मोबाइलवरचं थ्रॉटल हातात घेऊन तयारच होती. तिनं वेग वाढवला, पुन्हा वाढवला आणि म्हणाली, “काका, इंजिन हलतच नाहीये.” मी पडद्यावरचं रुळांच्या विजेचं बटण दाबलं, रुळांना मल्टिमीटर लावला. काटा शून्यावर. पॅनेलवर एकाही ब्लॉकची स्थिती कळत नव्हती, आणि तरीही खिडकीत कुठे एक लाल अक्षर नव्हतं.

अशा वेळी हात कुठे जातो ते आपण सगळे जाणतो. पाय बंद करायचा, मेमरी कार्ड काढायचं, लॅपटॉपला लावायचं आणि तयार इमेज त्यावर नव्यानं चढवायची. तासाभरात सगळं कोरं, पहिल्यासारखं. या महिन्याचं संपादकीय त्या हाताला थांबवण्यासाठी आहे. तारेतला बिघाड असता तर आपण सगळी वायरिंग उखडून नवी टाकली असती का? फीडरपासून सुरुवात करून एकेक सांधा, एकेक जोड तपासत गेलो असतो. मग बिघाड पडद्यावर दिसला की तीच शिस्त आपण का सोडतो?

जेएमआरआय दोन नोंदवह्या ठेवतं. ‘सेशन’ नावाची वही प्रोग्राम सुरू होताना दर वेळी कोरी होते. ‘मेसेजेस’ नावाची वही मागच्या बैठकांच्या नोंदीही सांभाळते. म्हणजे वैतागून तीनदा प्रोग्राम बंद-चालू केला तर पहिल्या वहीतला मूळ पुरावा तिथेच संपला, आणि कार्ड पुसलं तर दुसऱ्या वहीतलाही. दोन्ही वह्या कुठे आहेत ते मदतीच्या मेनूतल्या ‘लोकेशन्स’मध्ये सापडतं. त्या वाचायच्या त्या शेवटून नाही, पहिल्या तक्रारीपासून. पुढच्या दोनशे ओळी बहुतेक वेळा त्या पहिल्या ओळीच्याच सावल्या असतात.

माझ्या वहीत पहिली तक्रार होती उत्तराची वाट पाहण्याची मुदत संपल्याची. तिची वेळ दुपारची दाखवत होती, म्हणजे वीज गेली तेव्हाची. याचं कारणही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाय ५ च्या आधीच्या पायवर घड्याळाचा वेगळा भाग नाही. इंटरनेट नसेल तर तो शेवटची जपून ठेवलेली वेळ धरून पुढे मोजू लागतो. क्लबच्या खोलीत वायफाय इंटरनेटला जोडलेलं नसेल तर नोंदींच्या वेळांवर विसंबू नका, क्रमावर विसंबा.

मुदत संपल्याची तक्रार दोन्ही जोडण्यांवर होती. एकीवर डीसीसी-ईएक्स चालवणारा आर्डुइनो मेगा, म्हणजे कमांड स्टेशन. दुसरीवर ब्लॉकमध्ये गाडी आहे की नाही ते सांगणारा दुसरा आर्डुइनो. दोन्ही स्वस्तातल्या नकला, दोन्हींवर सीएच-३४० ही यूएसबीची चिप. लिनक्स अशा बोर्डांना जे आधी सापडेल त्याला ‘टीटीवाय-यूएसबी-०’ आणि नंतरच्याला ‘टीटीवाय-यूएसबी-१’ अशी नावं देतं. त्या संध्याकाळी क्रम उलटला. जेएमआरआयनं दोन्ही दारं ठोठावली, दोन्ही उघडली, म्हणून खिडकीत लाल काहीच नाही. फक्त घरं बदलली होती. रुळांत वीज सोडण्याचा आदेश सेन्सरच्या बोर्डाकडे जात होता आणि ब्लॉकची चौकशी कमांड स्टेशनकडे. खात्री करायला फार वेळ लागला नाही. डीसीसी-ईएक्सला कोनी कंसात लहान ‘एस’ पाठवला की ते आपलं नाव आणि आवृत्ती सांगतं. जेएमआरआयमधूनच तो पाठवून पाहिला, उत्तर आलं नाही. मग पडद्यावरच दोन्ही पोर्टची अदलाबदल केली, पुन्हा पाठवला, आणि नाव-आवृत्तीची ओळ उमटली. मुलीनं वेग वाढवला. मालगाडी निघाली.

आता समजा, मी कार्ड पुसलं असतं. नवी इमेज, नव्यानं जोडणी, पोर्ट नव्यानं निवडलेले. गाडी तेव्हाही निघालीच असती, आणि मी ठामपणे सांगितलं असतं की कार्ड खराब झालं होतं. पुढच्या वीजकपातीनंतर तेच पुन्हा. मग मी महागडं कार्ड आणलं असतं.

पोर्टच्या या घोळावर नेहमी सुचवला जातो तो उपाय म्हणजे बोर्डाच्या अनुक्रमांकावरून बांधलेलं कायमचं नाव वापरणं. उपाय चांगला आहे, पण सीएच-३४० वर सहसा अनुक्रमांकच नसतो, त्यामुळे दोन जुळ्यांना एकच नाव मिळतं आणि एक अदृश्य होतो. मी साधा मार्ग घेतला. कमांड स्टेशनसाठी अस्सल मेगा आणला. त्याची यूएसबीची चिप वेगळी, म्हणून लिनक्स त्याला ‘टीटीवाय-एसीएम-०’ म्हणतं. एक एसीएम, एक यूएसबी. आता कोण आधी उठतो याला महत्त्वच उरलं नाही. जास्तीचे पैसे गेले, पण एक कारण कायमचं मिटलं.

पोर्टच उघडत नसेल आणि नोंदवहीत परवानगी नाकारल्याची ओळ असेल, तर आपला वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात आहे का ते बघा. नसेल तर घाला, आणि मग लॉगआउट करून परत या. हे शेवटचं न केल्यानं किती संध्याकाळी वाया जातात!

विजेबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सॉफ्टवेअरवर सर्वांत जास्त खोटे आरोप होतात. पायला ५ व्होल्ट लागतात. ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेले की पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकते. पण आपले पाय बहुतेक पडद्याविना फळीखाली पडलेले असतात, तिथे ती खूण कोण बघणार? मग यूएसबी मध्येच सुटतं, पोर्ट नाहीसा होतो, आणि जेएमआरआय ‘लटकलं’ असं आपण म्हणतो. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेन-सीएमडी गेट-थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्या. उत्तर नुसतं शून्य आलं तर वीज निर्दोष. ५०००० आलं तर पाय सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं, ५०००५ आलं तर आत्ताही पडलेलं आहे. दोष बहुधा केबलचा असतो, मोबाइलसोबत आलेल्या बारीक आणि लांब केबलचा. पाय ४ ला ३ अँपिअरचा पुरवठा सांगितलेला आहे, तोच द्या. आणि वीज जाते त्या गावात पायला छोटा यूपीएस द्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली तर कार्ड खरोखरच खराब होतं. कार्डाला दोष द्यायची ती एक खरी जागा.

इंजिनातला डिकोडर वाचता येत नाही, ही तक्रारही आमच्याकडे ‘जेएमआरआयचं डिकोडरप्रो चालत नाही’ या नावानंच येते. प्रोग्रामिंग रुळावर डिकोडर बोलतो तो एकाच पद्धतीनं: साधारण ६ मिलिसेकंद तो किमान ६० मिलिअँपिअर जादा करंट ओढतो, बहुधा मोटरला क्षणभर हिसका देऊन. चाकांवर काजळी असेल तर तेवढा करंट पोहोचतच नाही. प्रोग्रामिंग रूळ मुख्य रुळांपासून पूर्ण तोडलेला नसेल तर मोजणीतच गोंधळ. आधी चाकं पुसा.

हे सगळं इतक्या आग्रहानं लिहायचं कारण जेएमआरआय आपल्याला कसं मिळालं त्यात आहे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसन यांनी सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प. त्यातल्या डिकोडरच्या फाइली श्रेय न देता वापरल्या गेल्याची तक्रार त्यांनी न्यायालयात मांडली. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयानं म्हटलं की मुक्त परवान्याच्या अटी मोडणं हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. तो निकाल मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात आजही आधाराला घेतला जातो, आणि तो झाला आपल्या छंदावरून. हा प्रोग्राम स्वयंसेवक लिहितात. त्यांना ‘चालत नाही, कार्ड पुसलं, आता चालतंय’ असं कळवून काहीच हाती लागत नाही. त्यांना नोंदवही लागते. पुसलेल्या प्रत्येक कार्डाबरोबर त्यांच्यापर्यंत न पोहोचलेला एक दोष पुसला जातो.

म्हणून पुढच्या अंकापासून ‘बिघाड’ सदरासाठी पत्र पाठवताना पायचं मॉडेल, जेएमआरआय आणि जावाच्या आवृत्त्या, कोणत्या पोर्टवर काय जोडलंय आणि बिघाडाआधी शेवटचा बदल कोणता केला, एवढं लिहा. मेसेजेसची फाइल सोबत जोडा, काटछाट न करता. आम्ही ती पहिल्या तक्रारीपासून वाचू, आणि जिथे दोष प्रोग्रामचाच निघेल तिथे तुमच्या नावानिशी तो जेएमआरआयकडे पाठवू.