पीएफएएसने बिघडलेली जमीन धुऊन निघेल का?

इटलीत त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्यातून ‘पीएफएएस’ रसायने भूजलात उतरली आणि व्हेनेतो भागातील सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली आहे. म्हणून शेतकरी विचारतात, ‘क्षारपड जमीन धुतो, तशी ही धुता येणार नाही का?’

क्षार वेगळे, पीएफएएस वेगळे

क्षार पाण्यात विरघळून निचऱ्यावाटे निघून जातात. पीएफएएसमधील कार्बन-फ्लोरिन बंध मातीतील जिवाणूंना सहजासहजी तुटत नाही. शेतात पाणी भरून निचरा केला, तर रसायनाचा काही भाग विहिरीत व ओढ्यात जाईल, उरलेला मातीला चिकटून राहील.

परदेशात यासाठी माती खोदून यंत्रात धुतात. वाळू-खडे वेगळे करतात, धुवणाचे पाणी सक्रिय कोळशातून गाळतात. रसायन चिकणमाती व सेंद्रिय पदार्थांना धरून राहते; तो गाळ शेवटी सुरक्षित ठिकाणी पुरावा किंवा जाळावा लागतो. त्यामुळे ही पद्धत रेताड मातीलाच परवडते. आपल्या भारी काळ्या जमिनीत चिकणमातीच ४० ते ६० टक्के असते. शिवाय एक एकराचा वरचा २० सेंमी थर म्हणजे सुमारे १,००० टन माती. धुऊन उरते ती वाळू. तिला सुपीक जमीन म्हणता येत नाही.

शेतात येण्याची वाट

अमेरिकेतील मेन राज्यात सांडपाण्याचा गाळ खत म्हणून वर्षानुवर्षे शेतात टाकला गेला. रसायन चाऱ्यातून दुधात उतरले, काहींना विक्री थांबवावी लागली. २०२२ मध्ये राज्याने असा गाळ शेतात टाकण्यावर बंदी घातली.

काय करावे?

- कारखान्याचा किंवा शहरी सांडपाणी प्रकल्पाचा गाळ फुकट मिळतो म्हणून घेऊ नये. उगम आणि तपासणी अहवाल लेखी मागावा.
- मृद आरोग्य पत्रिकेतील १२ घटकांत पीएफएएस नाही. पत्रिका चांगली आली म्हणून जमीन या रसायनापासून मुक्त आहे, असे समजू नये.
- औद्योगिक वसाहतीजवळच्या गावांनी विहिरी व ओढ्यांच्या पाण्याची पीएफएएस तपासणी ग्रामपंचायतीच्या ठरावाने महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावी. आजची नोंद नसेल, तर उद्याचे नुकसान सिद्ध करणे अवघड जाईल.