किल्ली देणे म्हणजे जामीन राहणे



सोसायटीच्या कर्जाला जामीन राहायचे म्हटले तर आपण चार दिवस विचार करतो. कर्जदार माणूस कसा, त्याचा ऊस किती, मागची बाकी आहे का, सगळे पाहतो. आणि तेच आपण, भाऊबंदाचा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा दारात येऊन "काका, ट्रॅक्टर द्या, दोन खेपा टाकून आणतो" म्हणाला की खुंटीवरची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवतो. नाही म्हटले तर भाऊकीत वाईटपणा येतो. पण ही किल्ली देणे म्हणजेही जामीन राहणेच आहे. फरक एवढाच की सोसायटीच्या जामिनकीला रकमेची मर्यादा असते, या जामिनकीला नाही.

कायदा आधी समजून घेऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे रस्त्यावर वाहन चालवायला १८ वर्षे पुरी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला तेवढी १६ वर्षांची सवलत आहे. आपल्या गावातली एकही मोटारसायकल त्यात बसत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. २०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "माझ्या नकळत नेला" हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आपल्यावरच. अपघातच व्हायला पाहिजे असेही नाही, लायसन्सशिवाय चालवणे हाच गुन्हा आहे. बारा महिने ट्रॅक्टर दारात उभा राहिला तर एक खरीप, एक रब्बी गेली. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही.

पण खरा धोका दंडाचा नाही, नुकसानभरपाईचा आहे. पुष्कळ जण म्हणतात, "विमा आहे की, कंपनी भरेल." कंपनी भरते, पण मग काय होते ते ऐका. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते आणि मालकाने काळजी घेतली नाही हे कंपनीने दाखवले, तर न्यायाधिकरण कंपनीला सांगते की मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्या आणि मालकाकडून वसूल करा. मरणारा तिशीतला कमावता माणूस असेल तर ही रक्कम लाखांत जाते, कारण ती त्याचे वय आणि कमाई पाहून ठरते. याच कायद्यात अशी रक्कम कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. ही वसुली कशी होते ते शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्याच नावाने बोजा चढतो; तसेच आरसी बुकावर ज्याचे नाव त्याच्याच दारात वसुली येते, चाकावर कोणीही बसलेला असो.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका मोटारसायकलच्या अपघाताचे प्रकरण आले होते. मालकाचे म्हणणे होते की अल्पवयीन मुलाने किल्ली परस्पर नेली. न्यायालयाने ते मानले नाही. गाडी अशा मुलाच्या हाती जाणार नाही हे पाहणे मालकाचे काम होते, असे म्हणून वसुली कायम केली. खुंटीवर टांगलेल्या किल्लीची ही किंमत आहे.

कोणी म्हणेल, आमच्या आज्याने बाराव्या वर्षी औत धरले, पोराला कामाची सवय नको का? सवय जरूर पाहिजे. पण बैलाला स्वतःची अक्कल असते. पुढे खड्डा दिसला की बैल थांबतो. दोन टनांचा ट्रॅक्टर थांबत नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. वावरात वळताना एकच दाबायचा आणि रस्त्यावर जाण्याआधी दोन्ही पेडल खिट्टीने जोडायचे, हा कृषी महाविद्यालयातल्या प्रात्यक्षिकाचा पहिला धडा. खिट्टी न लावता भरधाव ट्रॅक्टरचा एक ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि पलटी होतो. मागे उसाची भरलेली ट्रॉली असेल तर चढावर पुढची चाके हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल केले तर मागची ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. हे सगळे सांभाळायला ताकद नव्हे, समज लागते आणि ती वर्षांनी येते. त्यात मडगार्डवर दोन मित्र बसलेले असतात, ते वेगळेच.

दुसरा युक्तिवाद जास्त खरा आहे. ड्रायव्हर मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. मान्य. पण ड्रायव्हरची मजुरी हा उत्पादन खर्च आहे. आपण उत्पादन खर्चावर आधारित भाव मागतो आणि घरचा पोरगा फुकट चाकावर बसवून नांगरटीचा खर्च आपणच कमी दाखवतो. शेती तोट्यात आहे म्हणून जो खर्च आपण टाळला, तो पोराच्या जिवावर टाकला. हा हिशेब सरकारने चुकवलेला नाही, आपण चुकवलेला आहे.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. त्याला आधी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला आणि देशभर संताप झाला. तो संताप रास्त होता. पण बापाची गाडी पोराच्या हाती देणे ही चूक पुण्यात वेगळी आणि आपल्या गावात वेगळी होत नाही. फरक आहे तो वकिलाचा. त्यांना परवडतो, आपली जमीन जाते.

मग करायचे काय? सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला जरूर शिकवा, पण स्वतःच्या सपाट, रिकाम्या वावरात, खालच्या गिअरमध्ये, ट्रॉली न जोडता आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली. रस्त्यावर नाही. अठरा पुरी झाली की त्याच आठवड्यात शिकाऊ लायसन्स काढा. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. किल्ली खुंटीवर नको, पेटीत ठेवा. भाऊबंद अडला तर ट्रॅक्टर जरूर द्या, पण लायसन्स असलेल्या माणसाच्या हाती द्या. नसेल तर आपण स्वतः जाऊन त्याच्या दोन खेपा टाकून या. त्याने भाऊकी तुटत नाही, उलट घट्ट होते.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखेने आपल्या गावातल्या लायसन्सधारक ट्रॅक्टरचालकांची यादी आणावी, म्हणजे सुगीत अडलेल्याला माणूस मिळेल. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती किल्ली देणार नाही, असा ठराव तिथेच हात वर करून करावा. एकट्या माणसाला भाऊबंदाला नाही म्हणणे जड जाते. सगळ्या गावाने मिळून नाही म्हटले की वाईटपणा कोणाकडेच येत नाही.