कुंकवाच्या कारखान्याला पिस्तूल कशाला?

दिवाळीला पुण्याहून केमला आलो आणि दुसऱ्याच दिवशी तात्या म्हणाले, "काढ बरं तुझा लॅपटॉप. पिस्तुलाच्या लायसनचा फॉर्म भरायचाय."

तात्या म्हणजे माझे चुलते. केममधल्या अनेक घरांसारखा त्यांचाही कुंकवाचा छोटा कारखाना आहे. त्यांच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची वसुलीची बॅग रस्त्यात हिसकावली गेली होती, तेव्हापासून हे खूळ डोक्यात होतं. ते एकटेच असं म्हणतात असं नाही. कुठे सराफाच्या दुकानावर दरोडा पडला की व्यापाऱ्यांकडून हीच मागणी होते : आम्हाला शस्त्रपरवाने सहज द्या, कायदा फार जाचक आहे.

कायदा जाचक आहे हे खरंच. 1959चा शस्त्र अधिनियम आणि 2016चे नियम यांप्रमाणे पोलीस चौकशी, वैद्यकीय दाखला, हाताळणीचं प्रशिक्षण, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी हे सगळं लागतं. जिवाला धोका का आहे, तेही पटवून द्यावं लागतं. तरी मी म्हणतो, हा जाच छोट्या धंद्याच्या फायद्याचा आहे.

आधी साधा हिशोब बघू. कुंकवावर जीएसटी शून्य टक्के आहे. पिस्तुलावर तो 28 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. सरकारी कारखान्यातलं साधं रिव्हॉल्वरही लाखाच्या घरात जातं. वर नूतनीकरण, सांभाळण्याची जोखीम आणि चोरीला गेलं तर मागे लागणारा ससेमिरा. ज्या धंद्यात किलोमागे थोडे रुपये सुटतात, तिथे हा पैसा म्हणजे कित्येक पोत्यांचा नफा. बरं, हा खर्च एकट्यावर थांबत नाही. एकाने कमरेला लावलं की शेजारच्यालाही लागतं. दोघांचे पैसे जातात आणि दोघंही होते तेवढेच असुरक्षित राहतात.

पण खरं नुकसान उधारीचं आहे. केमचं कुंकू देवस्थानच्या गावांतल्या दुकानांत जातं ते बहुतेक उधारीवर. यात्रा झाली की पैसे येतात, कधी येत नाहीत. मग फोन होतात, भांडण होतं, मध्यस्थ बसतात, थोडं सोडून द्यावं लागतं. हे सगळं चालतं, कारण देणारा आणि घेणारा दोघंही रिकाम्या हाताने बसलेले असतात. त्यातल्या एकाच्या कमरेला पिस्तूल आलं की माणूस आधी विचार करणार, याच्याशी व्यवहार नकोच. बिनभांडवली कारखानदाराचं भांडवल म्हणजे ही पत. बंदूक पहिल्यांदा तिलाच लागते.

परवाने सढळ दिले की काय होतं, हे लांब जाऊन बघायला नको. बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी खून झाला. आरोपपत्रात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तो जोडलेला आहे. त्या खुनात बंदूक वापरली गेली नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पण त्यानंतर जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं पुढे आलं. हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरले. गुन्हे दाखल असलेल्या शंभराहून अधिक जणांचे परवाने रद्द करावे लागले. 'स्वसंरक्षण' या एका शब्दाखाली ही हत्यारं कुणाकडे गेली होती, ते यावरून कळतं. परवाना सोपा झाला तर रांगेत पहिला नंबर तात्यांचा लागणार नाही. ज्याची ओळख आहे, त्याचा लागेल. मग तात्यांना वर्गणी मागायला तोच येईल.

कुणी म्हणेल, बिबट्याचं काय? बरोबर आहे. डिसेंबर 2020मध्ये नरभक्षक बिबट्याने करमाळा तालुक्यात बळी घेतले. ऐन ऊसतोडीत लोक रानात जायला घाबरत होते, रात्रीची वीज असूनही पाणी द्यायला कुणी निघत नव्हतं. शेवटी 18 डिसेंबरला तो वांगी-बिटरगाव भागात गोळी घालून मारला गेला. पण ती गोळी वनखात्याच्या परवानगीने, नेमबाजाच्या बंदुकीतून सुटली होती. बंदूक लागते तिथे ती अशी लागते : ठरावीक कामासाठी आणि जबाबदारी कुणाची ते ठरवून.

म्हणून व्यापारी संघटनांनी दुसरीच मागणी करावी. परवान्यांची नोंद आता राष्ट्रीय डेटाबेसमध्ये होते आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र क्रमांक असतो. नावं नकोत, पण तालुकावार किती परवाने, कोणत्या कारणासाठी आणि त्यातल्या किती जणांवर गुन्हे, एवढं दर वर्षी जाहीर करा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. डेटाबेस असताना हे काम एका दुपारचं आहे. ते होत नाही, कारण कुणी मागत नाही. सोबत वसुलीच्या रस्त्यांवर रात्रीची गस्त आणि हिसकावलेल्या बॅगेचा गुन्हा त्याच दिवशी नोंदवून घेणारं पोलीस ठाणं मागा. त्याला जीएसटी लागत नाही.

तात्यांना हे पटलं नाही. "पुण्यात बसून तुला काय कळतंय?" म्हणाले. फॉर्म मी भरला नाही. त्याऐवजी त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना क्यूआर कोड पाठवून दिला. पंढरपूरच्या दोन दुकानदारांनी त्यावर पैसे पाठवले, तिसऱ्याने अजून फोन उचललेला नाही. त्याच्याकडे तात्या पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. रिकाम्या हाताने.