कायदा आला, नोंदवही कुठे आहे?

१/ बैलगाडा शर्यतीचा इतिहास म्हणून आपण न्यायालयीन तारखा पाठ म्हणतो. ७ मे २०१४ : सर्वोच्च न्यायालयाची बंदी. २०१७ : महाराष्ट्राची कायदादुरुस्ती. १६ डिसेंबर २०२१ : सशर्त परवानगी. १८ मे २०२३ : घटनापीठाचे शिक्कामोर्तब. पण खुद्द खेळाचा इतिहास कुठे आहे?

२/ नियमांनी चाबूक रोखला, पशुवैद्यकीय तपासणी आणली, अंतराला १,००० मीटरची मर्यादा घातली. हे योग्यच. मात्र हे नियम बैलाला जपतात. विजेता कसा ठरवावा, याविषयी ते मौन पाळतात.

३/ पुणे जिल्ह्यात घाटावर एकेक गाडा घड्याळाशी झुंजतो. सातारा-सांगलीकडे गाड्या एकत्र सुटतात : आधी गट, मग सेमी, मग फायनल. विदर्भाच्या शंकरपटात सेकंदांचा हिशेब. ही विविधता आपले वैभव आहे. परंतु गावोगावची मैदाने आपापले 'केसरी' घोषित करतात, तेव्हा पारोळ्याच्या रसिकाने श्रेष्ठ कोणाला म्हणावे?

४/ अमेरिकेतील नासकार मोटारशर्यतीत २००४ पासून विजेतेपदाची पद्धत वारंवार बदलली आणि चाहते संतापले. तरीही १९४९ च्या पहिल्या हंगामापासूनचे निकाल नोंदलेले असल्यामुळे त्यांचा वाद पुराव्यानिशी चालतो. आपल्याकडे नामांकित बैल गेला की त्याची कीर्ती ऐकीव गोष्ट होते.

५/ म्हणून एकच पद्धत सर्वांवर लादू नये. प्रत्येक आयोजकाने अंतर, वेळ, बैल आणि निकाल लिहून जाहीर करावेत. आणि मित्रहो, तुमच्या गावच्या यात्रेची जुनी निमंत्रणपत्रिका घरात असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. उद्याच्या इतिहासकाराचे ते पहिले साधन आहे.